तीन पटीची म्हैस

सिडको, नाशिक
२० मे १९९९

ती. दाजींना ज्ञानेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघ्याला उतार पडला का? ताईच्या शेवया वाळल्या का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (सगळे म्हणजे मी एकटा. शाळेला सुट्टी लागल्यापासून छाया साक्षीला घेऊन माहेरी नांदगावला आहे. ती रविवारी परत येणार म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. का, ते ओघाने येईलच).

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी पेपरातलं शेअर बाजाराचं पान वाचतो. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग मोजून पास-नापास केले, मग कंपनी तरी न मोजता कशी सोडायची? छायाच्या नावावर गोदातारा पंप्सचे शंभर शेअर्स आहेत (होते). भिशीच्या पैशातून घेतलेले, साक्षीच्या इंजिनिअरिंगसाठी. पी-ई रेशो म्हणून एक प्रकार असतो: शेअरचा भाव भागिले एका शेअरमागे कंपनीने वर्षात कमावलेला नफा. आकडा लहान तेवढा माल स्वस्त. गोदाताराचा भाव दोनशे वीस, नफा दहा, म्हणजे बावीस पट. मला जेवण गोड लागेना.

अशात आमचा दूधवाला मल्हारी म्हैस विकायची म्हणाला. किंमत अठरा हजार. गेल्या साली वैरण-पेंड वजा जाता सहा हजार सुटले. मी भागाकार केला तर तीन आले. दाजी, तीन! अख्ख्या शेअर बाजारात असा माल नाही. मग बाकीच्या कसोट्याही लावल्या. कंपनीवर भांडवलाच्या दीडपट कर्ज, म्हशीवर दमडीचं नाही. कंपनी लाभांश देणार वर्षातून एकदा, म्हैस दिवसातून दोनदा. कंपनीच्या अहवालात अध्यक्ष उगाच हसत असतात, म्हैस कशी गंभीर. कास मी स्वतः टेपने मोजली (सवय जात नाही). अडीअडचणीला म्हणून छायाने सह्या करून ठेवलेले फॉर्म कपाटात होतेच. शेअर्स विकले आणि म्हैस अंगणात आणून बांधली.

पहिल्या दिवशी सात लिटर दूध. दुसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी ठणठणाट. शेजारच्या सगुणाबाईंनी सांगितलं की दाखवायच्या आधी दोन वेळा धार काढलीच नसणार, म्हणून कास एवढी तटतटलेली. म्हैस भाकड व्हायलाच आली होती आणि हे कॉलनीतल्या पोरांनासुद्धा कळत होतं. मी तणतणत मल्हारीकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही गेल्या सालचं इचारलं, म्या गेल्या सालचं सांगितलं. औंदाचं इचारलंच नाय." त्यात म्हशीने समोरच्या डॉक्टरांच्या स्कूटरची सीट चाटून फाडली, ते वेगळंच. आणि गोदातारा? ती तीनशे दहावर गेली. दाजी, खरंच लाज वाटते हो. पैसे पोरीचे होते.

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
ज्ञानेश

ता. क. – खरं तर पत्र एवढ्यासाठीच. शनिवारी गोटीरामच्या टेम्पोतून म्हैस तुमच्याकडे पाठवतो, ठेवून घ्या. छायाने विचारलंच तर सांगा, म्हैस आमचीच, नाशिकच्या डॉक्टरला दाखवायला ज्ञानेशकडे बांधली होती. ताईला यातलं अक्षर सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. २ – छाया आजच आली. पेपर नांदगावलाही जातो हे मी विसरलो होतो. तीनशे दहाचा भाव वाचून बाई खुशीत पेढे घेऊन आली. म्हैस बघितली, कपाट बघितलं. ओरडली नाही. गणिताची बाई ती, वही पुढे ओढली आणि म्हणाली, "आता तुमचा रेशो काढते." वर माझ्यावर होणारा वर्षाचा खर्च लिहिला, खाली माझी वर्षाची कमाई. मग पेन ठेवून म्हणाली, "शून्याने भागता येत नाही."

तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही, मीच घेऊन येतोय. टेम्पोत आम्ही दोघं आहोत. गोठ्यात दोघांना जागा करा.