ब्रेकवहिनी

प्रिय ठकू,

त्या रविवारी सकाळी मी दूध तापवलं, सहा अंडी उकडून गार पाण्यात टाकली, पावाला लोणी लावलं, चहा थर्मासात भरला आणि मशीनवर अर्धवट राहिलेल्या गणवेशांवर फडकं टाकलं. मग मोठी चादर पिळून गच्चीवर वाळत घालायला गेले. खालून तुझ्या बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय म्हणतेय गं चादर?" मी तिच्याकडे बघून सांगितलं, "पुटपुटतेय, ओरडत नाहीये." म्हणजे वारा आहे, पण उडण्याजोगा आहे. तुला कांजिण्या आल्या होत्या आणि तू मावशीकडे होतीस, त्यामुळे ती सकाळ तुला ठाऊक नाही. खरं तर तिच्यात ठाऊक असण्यासारखं काही नव्हतंही. पण त्याच दिवशी दुपारी मी पाच-सहा माणसांसमोर एक खोटं बोलले आणि ते पुढे एकोणीस वर्षं टिकलं. माझ्या हातचं दुसरं काही इतकं टिकलेलं नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. दोनदा केला, दोन्ही वेळा तू म्हणालीस, "आई, माझ्याकडे एक्स-रेसाठी पेशंटची रांग लागलीय, नंतर बोलते." शिवाय फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा आहे. आणि दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने पोटची पोर शाळेत जायला लागल्यावर कमावलेली ही विद्या आहे, ती कुठेतरी वापरायला हवी.

ती कशी कमावली तेही सांगते. तुला माहीत आहे, पण मला सांगायला आवडतं. तुझे बाबा दिवसभर लोकांच्या शिलाई मशीनमध्ये डोकं घालून बसायचे. माझं मशीन दुरुस्त करायला आले ते तीन वेळा आले, आणि तिसऱ्या वेळी मशीनला काही झालेलंच नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी ते उडायला शिकले. म्हणाले, "सहा दिवस मान खाली घालून शटलमध्ये बघतो, एक दिवस लांबचं बघू दे." क्लबात एक जुनं चार जणांचं विमान होतं, ते पाळीपाळीने मिळायचं. उडण्याआधी तपासणीची यादी कुणीतरी मोठ्याने वाचायची, असा त्यांचा नियम होता, आणि ते काम माझ्याकडे आलं. इंधन. तेल. दारं. पट्टे. मी ती पाठ करून टाकली होती आणि वाचल्यासारखं करायचे. एकदा दोन पानं एकदम उलटली गेली आणि मी आपली मागच्या पानावरचंच म्हणत राहिले. ते नुसते "हो, पट्टे बांधले" म्हणाले. परत आल्यावर मी तुझं पहिलीचं पुस्तक उघडून बसले. चार महिन्यांनी मी यादी खरोखर वाचली तेव्हा त्यांना फरक लगेच कळला, कारण मी पहिल्यांदाच अडखळले. त्या अडखळण्याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की ते क्लबातल्या बेकरीकाकांना जाऊन सांगून आले. पुढे नकाशा वाचायला लागले, मग वाचनालयातली पुस्तकं. माझी सगळी पुस्तकं त्या यादीपासून सुरू होतात.

रविवारी आम्ही छोट्या छोट्या विमानतळांवर जायचो. तळ्याकाठच्या त्या पट्टीवर उतरायच्या आधी एक चक्कर मारावी लागे, कारण तिथला रखवालदार सायकलवरून बदकं हाकलायचा आणि त्याने हात वर केल्याशिवाय उतरायचं नसे. दीपस्तंभाजवळच्या पट्टीवर वारा इतका की बाबा टोपी खिशात घालूनच दार उघडायचे. एका ठिकाणी नुसतं गवत आणि एक खोली, आणि खोलीत एक म्हातारी बाई, जी आलेल्या प्रत्येकाला आधी हात धुवायला सांगायची. प्रत्येक ठिकाणचा शिक्का वहीत मारून घ्यायचा. एका पानावर एक शिक्का, खाली तारीख मी लिहायची. सत्तावीस पानं भरली. अठ्ठाविसावं पान त्यांनी डोंगरावरच्या विमानतळासाठी राखून ठेवलं होतं, वर नावसुद्धा घालून.

डोंगरावर जायचं तर खिंडीतून जावं लागतं, हे तुला आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं. खिंडीच्या तोंडाशी दगडाची खाण आहे. खाणीच्या अलीकडे वळायला जागा आहे, पलीकडे नाही. खाण ओलांडली की पुढे जायचं, मग पुढे काहीही असो. त्या कांजिण्यांच्या रविवारी आम्ही खाणीपाशी पोचलो तेव्हा खिंडीत ढग होता. फार नव्हता. मधे निळं दिसत होतं, आणि त्यातून पलीकडची धावपट्टी मला दिसली, निदान दिसल्यासारखी वाटली. तुझ्या बाबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा ढगाकडे, आणि विमान डावीकडे वळवलं. परतताना मी डबा उघडला तर त्यांनी हाताने नको म्हटलं. मग मीच खाल्लं.

क्लबात उतरलो तेव्हा सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. बेकरीकाकांनी माझ्या हातातला डबा घेऊन त्यातली उरलेली दोन अंडी उचलली आणि तोंडात घास असतानाच विचारलं, "काय हो, डोंगर जागेवर नव्हता का आज?" सगळे हसले. तुझ्या बाबांचे कान लाल झालेले मला दिसले. ते तोंड उघडणार त्याआधी मी म्हटलं, "मी घाबरले. मीच म्हटलं, परत फिरा." मग हसण्याचा सूरच बदलला, सगळे मऊ झाले, कुणीतरी मला खुर्ची दिली. बेकरीकाका म्हणाले, "विमानाला हवेत ब्रेक नसले म्हणून काय झालं, तुमच्याकडे वहिनी आहेत." तेव्हापासून मी ब्रेकवहिनी. नंतर आणखी दोनदा आम्ही डोंगराकडे गेलो आणि दोन्ही वेळा खाणीपासून परत आलो. दोन्ही वेळा मीच घाबरले. तूही हेच ऐकत मोठी झालीस, आणि आई घाबरट आहे असं तुझ्या मैत्रिणींनाही सांगायचीस.

मी घाबरले नव्हते, ठकू. तिन्ही वेळा नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मला रागच आला होता. मला पुढे जायचं होतं, त्या शिक्क्याखाली तारीख घालायची होती. तो राग उतरायला मला दोन दिवस लागले. वाचनालयातून हवामानावरचं एक पुस्तक आणलं, त्यातलं निम्मं कळलं नाही, पण एवढं कळलं की तसला ढग पाच मिनिटांत दार लावून घेतो. आणि मग लक्षात आलं, की बाजूला बसलेली बायको पुढे चला म्हणून डोळ्यांनी सांगतेय, खाली क्लबात टिंगल करायला माणसं टपून बसलीत, वहीचं पान राखून ठेवलंय, आणि तरी या माणसाने विमान वळवलं. मला त्यांचा त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान सत्तावीस शिक्क्यांचा मिळूनही वाटला नाही. फक्त तो त्यांना सांगायचा राहिला. खोटं बोलून त्यांना सोडवलं एवढ्यावरच मी खूश राहिले.

ते दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. तू औषधं आणायला खाली गेली होतीस आणि बेकरीकाका भेटायला आले होते. मी पलंग वर करत होते, तर ते सवयीने म्हणाले, "सावकाश, ब्रेकवहिनी." तुझे बाबा म्हणाले, "ती कधीच घाबरली नाही. तिन्ही वेळा मीच फिरलो. ढग बघून फिरलो ते बरोबर केलं, पण ते चारचौघांत म्हणायला माझी जीभ वळली नाही." एवढं बोलायलासुद्धा त्यांना दोनदा थांबावं लागलं. बेकरीकाका काही वेळ पावांची पिशवी नुसती उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "अहो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डब्यात दोनच अंडी उरली होती. तुमचं तोंड असं कोरडं. मग बाकीची खाल्ली कुणी? घाबरलेलं माणूस चार उकडलेली अंडी खातं होय?" तुझे बाबा हसले. तू वर आलीस तेव्हा आम्ही तिघं हसत होतो, आणि तू रागावली होतीस की पेशंटला दम लागेल. ते त्यांचं शेवटचं मोठ्याने हसणं. सहा वर्षं होऊन गेली. मी अजून चादर गच्चीवर घालते आणि ती काय म्हणतेय ते बघते. सांगायला कुणी नसलं तरी बघितल्याशिवाय खाली येववत नाही.

मग तू विमान शिकायला लागलीस. पाच फूटसुद्धा उंची नाही, विमानाच्या नाकावरून पुढचं दिसेना, म्हणून बाबांच्या निळ्या कामाच्या कोटाची मी उशी शिवून दिली. चार बोटं जाड. पहिली तीन बोटांची केली होती, ती तू परत आणलीस आणि म्हणालीस, "आई, अजून नुसतं आकाशच दिसतंय." ज्या दिवशी मला पहिल्यांदा शेजारी बसवून तळ्याकाठी नेलंस, त्या दिवशी मी यादी वाचताना तू प्रत्येक शब्दाला बोट लावून उत्तर देत होतीस, अगदी त्यांच्यासारखं. पट्टे म्हटल्यावर तू माझा पट्टा ओढून बघितलास. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तुला वाटलं असतं मी रडतेय. तळ्यावर आता बदकं राहिली नाहीत, नवीन रखवालदाराकडे सायकलही नाही. पण उतरलीस ती अशी, की थर्मासातला चहा हलला नाही.

आणि आता या रविवारचं. तू शिक्क्यांची वही माझ्या पिशवीत घातलीस तेव्हाच मला कळलं कुठे जायचंय. बाबांचं पान भरायचं. सव्वादहाला खाणीपाशी पोचलो, खिंडीत ढग होता, मधे तसंच निळं होतं. मी तुझ्याकडे बघितलं नाही. या वेळी मी मुद्दाम माझ्या बाजूच्या खिडकीतून शेतं बघत बसले, म्हणजे माझे डोळे तुला काही सांगायला नकोत. आणि तू डावीकडे वळलीस. क्लबात बेकरीकाका काठी टेकत आले, विचारलं, "काय झालं गं?" आणि तू म्हणालीस, "आईला कसंतरी व्हायला लागलं." मी मान खाली घातली. सवयच आहे. काकांनी माझ्या हातातला डबा उघडला, आत बघितलं. चारातली दोन उरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक अंडं तोंडात टाकलं आणि डबा मिटून परत दिला. घरी सोडताना तू उशी माझ्या मांडीवर ठेवलीस. "राहू दे घरीच. माझ्याच्याने होत नाही, आई. बाबांचं एक पानसुद्धा मला भरता आलं नाही." आणि दार लावून निघून गेलीस.

हे पत्र त्या उशीसाठी आहे. मी घाबरले असं तू सांगितलंस याचं मला काही वाटलं नाही. ते खोटं घरातलंच आहे, हवं तेव्हा वापर. पण बाबांनी ते एकोणीस वर्षं वापरलं आणि शेवटी दवाखान्यात दम लागेपर्यंत बोलून परत केलं. तू इतकं थांबू नकोस. पुढच्या वेळी सरळ म्हण, मी फिरले. तुला वाटतंय तू त्यांचं पान कोरं ठेवलंस. अगं, ते पान त्यांनीच तीनदा कोरं ठेवलं होतं. तू त्यांचीच लेक निघालीस, आणि हे सांगायला मी या वेळी उशीर करणार नव्हते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी चादर वाळत घातली आणि उशी नि वही पिशवीत घेऊन पावणेआठच्या बसने डोंगरावर गेले. खिंडीतून बस जाते, तीन तास लागतात. विमानतळाच्या खोलीतल्या माणसाकडे रविवारची नोंद बघायला मागितली. त्याने नोंदवही फिरवून माझ्यापुढे केली आणि मी ती स्वतः वाचली: साडेदहापासून धावपट्टी बंद, ढग जमिनीपर्यंत, चार तास एकही विमान नाही. तो म्हणाला, "काल मला खोलीच्या दारातली माझी सायकल दिसत नव्हती, मावशी." मग माझ्या पिशवीतली शिक्क्यांची वही बघून त्याने विचारलं, शिक्का मारून देऊ का. मी म्हटलं, नको, ते पान माझ्या मुलीचं आहे, ती उतरेल तेव्हा मारा. दुपारच्या बसने परतले, क्लबाच्या थांब्यावर उतरले, बेकरीकाकांकडून विमानाची किल्ली घेतली आणि उशी तुझ्या डाव्या सीटवर ठेवून, घसरू नये म्हणून, वरून पट्टा बांधला.

तुझीच, डबा संपवणारी,
आई