हेडफोन माझ्या पर्समध्ये आहे

ज्ञानेश,

चाकणची बस यायची वेळ झालीय, निघते. चहा थर्मासमध्ये आहे, भेंडी कढईत. मनगटाचं मलम फ्रिजवर ठेवलंय, आठवणीने लाव.

काल किल्ली विसरले म्हणून पंधरा मिनिटं बेल वाजवत दारात उभी होते. तुझ्या कानाला त्या इलेक्ट्रॉनिक पियानोचा हेडफोन, तुला कुठलं ऐकू यायला! शेवटी जिन्यात बसून तुझ्या पियानोच्या मॅडमना फोन लावला. विचारलं, रोज किती वाजवलं म्हणजे अति होतं? म्हणाल्या, "दीड तास पुष्कळ झाला. चार-चार तास बसले तर मनगट धरणारच." आणि वर आपणहून, "पण रोज रेकॉर्डिंग पाठवतात ना, ऐकून मन कसं प्रसन्न होतं हो!"

मी म्हटलं, "हो ना." आणखी काय म्हणणार? त्यांचं मन रोज प्रसन्न होतंय आणि मी आठ महिने शेजारच्या खोलीत नुसती बोटांची टकटक ऐकतेय.

हेडफोन मीच आणला होता, माहितीय मला. नाइट शिफ्ट करून आले की दिवसा झोप मोडायची म्हणून. पण माझी नाइट बंद होऊन पाच महिने झाले. तो कानावरून काढावा, असं तुला एकदाही वाटलं नाही.

तेव्हा घरभर शोधत बसू नकोस, तो माझ्या पर्समध्ये आहे. साडेचारला येते. तोवर पियानोला हात लावायचा नाही. आख्खी सोसायटी माझ्याआधी ऐकेल, आणि ते मला अजिबात चालणार नाही.

तनुजा