गारिगचं रक्त

३ मार्च

तपासणीचा कागद आला. रक्तात जंतू आहेत. नसते तरच नवल — कामार्गच्या दलदलीत वाढलेल्या कुठल्या घोड्यात नसतात? शिंगराला गोचिडी चिकटतात, ताप येतो, हिरड्या पिवळ्या पडतात. जगलं की जंतू अंगात मुरतात. माझा गारिग सोळा वर्षं असाच बैल हाकतोय.

पण असा घोडा कॅनडावाले देशात घेत नाहीत. आणि माझी लेक कॅनडात.

४ मार्च

परवा एस्तेल फोनवर म्हणाली, "पपा, एकटे काय करता तिथं फ्रान्समध्ये? इकडे या ना." मी म्हटलं, गारिगला सोडून येणार नाही. हसली. "मग त्यालाही आणा की!" तिनं चेष्टा केली, मी केली नाही. तिनंच शिकवलेला घोडा आहे तो. तिला इतक्यात सांगत नाही. जमलं नाही तर उगाच हिरमोड.

९ मार्च

डॉक्टर बास्तीद येऊन गेली. वयानं लहान, पण बोलायला आडपडदा नाही. "ओनोरा, चार इंजेक्शनं. दर तीन दिवसांनी एक. घोड्याचे हाल होतात. आणि एकदा रक्त साफ झालं की त्याला पुन्हा दलदलीत सोडायचं नाही. आत थोडे जंतू आहेत म्हणून तो बाहेरच्यांना पुरून उरतो. ते गेले की एक गोचीड पुरे. या वयात तो वाचेल असं मी म्हणणार नाही."

मी म्हटलं, तो परत येतोय कशाला!

"नीट विचार करा."

बायको गेल्यापासून, माझी मारी गेल्यापासून, मी दुसरं करतो काय?

१२ मार्च

पहिलं इंजेक्शन. तोंडातून लाळ, अंगभर घाम, मग पोटात कळा. आडवा पडू नये म्हणून दोरी धरून त्याला तासभर अंगणात फिरवलं. मध्येच थांबून त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. हे मीच त्याला केलंय, आणि आधारही माझाच. फार वाईट वाटलं.

१५ मार्च

दुसरं. तसंच.

२१ मार्च

चौथं. संपलं एकदाचं. मान सुजली आहे. पाणी प्यायला.

२६ एप्रिल

त्याला तबेल्यात ठेवलंय. दलदल बंद, चारा विकतचा, रोज अंगावरून हात फिरवून गोचीड शोधायची. जन्मात छप्पर न पाहिलेला घोडा! शेजारचा नांस बैल घेऊन चालला होता, दारातच थांबला. "कामार्गचा घोडा अन् छपराखाली? म्हाताऱ्या, उद्या उशी देशील त्याला."

"तुझी मागून आणतो," म्हटलं.

हसत गेला. त्याच्या घोड्यांच्या टापा ऐकून गारिग खिंकाळत राहिला. आवाज विरल्यावरही किती तरी वेळ. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. बोलायला मलाही तोच आहे.

३० जून

पुन्हा तपासणी. अजून साफ नाही. डॉक्टर म्हणते, जंतू मेले तरी रक्तातल्या खुणा जायला महिने लागतात.

एस्तेलचा फोन. आवाज उतरलेला. "तुम्ही काही येणार नाही, हो ना पपा?" बघू म्हणालो. ओठांवर आलं होतं सगळं. गिळलं.

१८ ऑगस्ट

कोणी आलं नाही. कोणाशी बोललो नाही.

११ सप्टेंबर

साफ! कागद तीनदा वाचला. गारिगलाही वाचून दाखवला. भांडी कोणाला द्यायची, मारीचा फोटो कुठल्या पेटीत, सगळं ठरवून टाकलं. रविवारी एस्तेलला सांगणार. सहा महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१३ सप्टेंबर

रविवार नसताना एस्तेलचा फोन. "पपा, नोकरी सोडली. तिकीट काढलंय. तुम्ही येत नाही, मग मीच येते. कायमची. आल्या दिवशी गारिगवर बसून थेट दलदलीत जाणार आहे, सांगून ठेवा त्याला."

ये, म्हणालो. फोन ठेवून तबेल्यात गेलो आणि गारिगच्या अंगावर गोचीड शोधत बसलो; आता एक चावली तरी तो जायचा.