अर्जातला रिकामा रकाना

मालवण, मार्च १९५८

"मालवणकरांनो, आपण लेकी गोव्यात, पेडण्याला दिल्या आणि आज त्यांना भेटायला परवाना लागतो!" संध्याकाळी बंदरावरच्या सभेत मी गरजलो. युरोपने आखलेल्या रेघा आशियाने का मानाव्यात, असं विचारलं. टाळ्याच टाळ्या.

घरी आलो तर आई गोधडीची घडी घालत होती. गोव्यात दिलेल्या माझ्या बहिणीच्या, माईच्या बाळासाठी शिवलेली. बाळ आता रांगत असेल.

"परवान्याचो अर्ज भरलंस रे?"

"जावच्या देशाच्या रकान्यात 'पोर्तुगाल' लिवूक व्हया, आये. ता माका जमाचा नाय."

"नकाशो तुजो रे, नातू माजो!"

गोवा आपलाच, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण मी रकाना रिकामा ठेवल्याने गोवा वीतभर तरी जवळ आला? माझं पहिलं भाषण माईने माडाखाली बसून ऐकलं होतं, एकटीने. आता तिचा आवाजही नीट आठवत नाही. आणि ती गोधडी पुन्हा पेटीत गेली.

म्हणून स्वतःलाच बजावतो: उद्या सकाळी कचेरीत जा. 'पोर्तुगाल' लिही, सही कर आणि आईला गोधडी घेऊन पाठव.