खेमचंद बेस वाजवतो

पुणे,
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप ज्योत्स्ना आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात टाकलंस हे वाचून रागच आला. पण त्याच्यामुळेच मी या जमान्यात कुणाला तरी पत्र लिहितो, हेही खरं. फोनवर तुला नुसती गुणगुण ऐकू येते ना, मग राहू दे फोन. माझं अक्षर लावून घे.

बातमी अशी की आठ फेब्रुवारीला आमचा बँड धुळ्याला येतोय. इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, संध्याकाळी पाच वाजता. पुण्याला आल्यापासून अठरा वर्षांत ‘सरकी’ खान्देशात पहिल्यांदाच वाजवणार, आणि बहुतेक शेवटचं. आमचा गायक मार्चमध्ये कायमचा कॅनडाला चाललाय. त्याच्याशिवाय बँड काही राहत नाही.

तुला आठवत असेल, जळगावला कॉलेजात आम्ही चौघं होतो. एकाला गायचं होतं, एकाला ड्रम हवा होता, एकानं गिटार आधीच विकत आणली होती. उरली ती चार जाड तारांची बेस गिटार, ती माझ्या गळ्यात पडली. मग तीच आवडायला लागली. त्या तारांनी बोटांना घट्टे पडले, दोन अल्बम झाले, निम्मा देश बघून झाला, आणि मी एकेचाळीसचा झालो. आता शिलाँगचा एक बँड मला बोलावतोय. तिथे जाऊन परत नव्यानं सुरुवात करायची, नाहीतर गिटार पेटीत घालून असोद्याला यायचं आणि केळीत उतरायचं. बाप म्हणून नानांना तेच हवंय.

धुळ्याचा कार्यक्रम झाला की ठरवणार आहे. त्याआधी नानांनी मला एकदा वाजवताना ऐकावं एवढीच इच्छा आहे. इतक्या वर्षांत ते एकदाही आले नाहीत. मी बोलावून येणारही नाहीत, कारण गेली अकरा वर्षं आमचं बोलणं ‘जेवलास का’ याच्या पुढे जात नाही. तू सांगून बघ ना, तुझं ऐकतात.

गुडघ्याला तेल लाव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
खेमचंद

*

धुळे,
१६ जानेवारी २०२५

चि. शालिग्रामास,
अ. उ. आ.

एसटीनं पाठवलेली वांगी मिळाली. भरीत केलं, शेजारी झुलाल मास्तरांकडेही वाटीभर दिलं. असोद्याच्या वांग्यासारखं वांगं धुळ्यात जन्मात मिळायचं नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. माझ्यासाठी त्यांनी आता पाटीच ठेवली आहे.

खेमचंद आठ तारखेला इथे वाजवायला येतोय. मी मास्तरांना सांगितलं की माझा भाचा बेस वाजवतो. त्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, बेस वाजवतो ही तर चांगलीच गोष्ट शे, पण वाजवतो काय? दोनदा समजावलं, तरी त्यांना वाटतंय की मी भाच्याचं कौतुक करतेय आणि वाद्याचं नाव लपवतेय.

चेष्टा पुरे. तुझ्या पोरानं मला लिहिलंय की नानांनी एकदा ऐकावं, मग पुढचं काय ते ठरवतो. तो तोंडानं तुला सांगणार नाही आणि तू विचारणार नाहीस, हे मला माहीत आहे. मी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरायला सांगितल्या आहेत. मला काही ऐकू येणार नाही, तरी मी जाणार. तुझे कान तर धड आहेत. सकाळच्या गाडीनं ये, जेवायला माझ्याकडे. माझ्या भावजयीला, लताबाईला आशीर्वाद सांग आणि गुमान ये.

तुझी,
अक्का

*

असोदा,
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे थंडी चांगली आहे, केळीची कापणी चालू आहे. रावेरच्या ट्रकवाल्यानं दोन दिवस नाचवलं, शेवटी आला.

अक्का, तू मला बेसचं सांगू नको. बेस म्हणजे काय ते लग्नसराईत असोद्याला येऊन बघ. डीजेची गाडी गल्लीत शिरते, पोरं बेस वाढव, बेस वाढव म्हणून ओरडतात. मग मांडणीवरची भांडी खाली येतात, शेजारच्या पितांबरच्या भिंतीला तर तडा गेला. लताची छाती इतकी धडधडते की तिला मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. बेस बंद करा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझी आहे. आणि माझा मुलगा परमुलखात जाऊन तेच वाजवतो. पूर्वी नुसतं बँड म्हणायचा, ते तरी बरं होतं. तेव्हा रावेरचे पाहुणे मुलगी सांगायला आले आणि विचारून गेले की घोड्याच्या पुढे वाजवतो की मागे. परत काही ते आले नाहीत.

हे सगळं बठ्ठं हसण्यावारी नेता येतं. पण मी सत्तरीचा झालो. पाण्याची पाळी आली की बांधावरून चालताना पाय थरथरतात. त्यानं घरी यावं असं मला रोज वाटतं. तुझ्याजवळ खरं बोलतो. मी तिथे आलो आणि मला आवडलं, तर मग त्याला परत ये असं कुठल्या तोंडानं म्हणू? न ऐकलेलंच बरं. मी येणार नाही. दुसऱ्या खुर्चीवर मास्तरांना बसव.

वांगी पुन्हा पाठवतो. राग धरू नये ही विनंती.

तुझा,
शालिग्राम

*

पुणे,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रमानंतर तुझ्या हातचं खाऊन निघालो, पण तिथे सगळ्यांच्या गर्दीत बोलता आलं नाही. स्टेजवरून तुझी पांढरी शाल दिसत होती आणि तिच्या शेजारची, नानांसाठी तू शेवटपर्यंत धरून ठेवलेली रिकामी खुर्ची. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत मी त्या खुर्चीकडेच बघत वाजवलं. लोक नाचले, परत परत गाणी मागितली, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

नानांचा मला राग नाही. त्यांचं वय झालं, जन्मभर त्यांनी मळाच बघितला. कंटाळा माझाच मला आला. बँडमधल्या चौघांत ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो मी. कार्यक्रम संपल्यावर पोरं फोटो काढायला येतात तेव्हा फोन माझ्याच हातात देतात, म्हणजे बाकीच्यांचा फोटो मी काढावा. वीस-बाविसाव्या वर्षी याची गंमत वाटायची. ज्याच्यासाठी धुळ्याला वाजवलं तो माणूसच आला नाही, मग शिलाँगला कुणासाठी जायचं?

पंधरा मार्चला सामान घेऊन असोद्याला येतोय. शिलाँगच्यांना नाही म्हणून कळवायचं आहे, या आठवड्यात कळवीन. नानांना तूच सांग, त्यांना बरं वाटेल.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

खेमचंद

*

धुळे,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. खेमचंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तुला न विचारता शालिग्रामला पाठवून दिलं आहे. काय रागवायचं ते रागव. तुम्हा बापलेकांचा टपाल खात्यासारखा निरोप्या होऊन मी आता थकले.

आता माझं ऐक. माझ्या कानांचं डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक, उंच आवाज गेले, जाड आवाज अजून शाबूत आहेत. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, हायवेवरचा ट्रक येतो. त्या दिवशी तुमचा गायक नुसता तोंड उघडत मिटत होता. तो दुसरा गिटारवाला एवढा वाकडातिकडा झाला, पण त्याचं एक अक्षर मला पोचलं नाही. मला ढोल ऐकू आला आणि तू. तू बोटं हलवायचास तसतसा आवाज यायचा, म्हणून तो तुझाच हे मला कळत होतं. चार वर्षांनी मी काहीतरी वाजताना ऐकलं रे. दीड तास खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरून बसले होते.

तेव्हा लक्ष जात नाही वगैरे मला लिहू नको. शिलाँगला नकार कळवायची घाई करू नको. आठ दिवस थांब, मग तुला वाटेल ते कर.

पोटभर जेवत जा. पत्र पाठवत राहा.

तुझी,
आत्या

*

असोदा,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. खेमचंदास,
अ. उ. आ.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घे. अक्कानं तुझं पत्र पाठवलं. खुर्ची रिकामी होती असं त्यात लिहिलं आहेस. खुर्ची रिकामी होती, पण मी आलो होतो.

येणार नाही म्हणून अक्काला ठणकावून लिहिलं होतं, मग तिच्या शेजारी जाऊन बसायला मन धजेना. मागे जनरेटरच्या गाडीशी उभा राहिलो. तुझ्या आईनं तुझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. जळगावच्या गाडीची वेळ झाली, तुझ्यापर्यंत यायचं धाडस झालं नाही, शेवटी भाकरी मीच खाल्ली. घरी मात्र तुला दिली असं सांगितलं आहे. तिनं विचारलं तर चांगली झाली होती म्हण.

भिंती हादरतील असं धरून आलो होतो, तसं काही नव्हतं. पण तुझं मला काही सापडेना. गाणारा कळला, ढोल कळला, तो उड्या मारणारा गिटारवाला कळला. तू एका बाजूला उभा होतास, बोटं हलताना दिसत होती, पण त्यातून निघतंय काय ते लागेना. तीन गाणी नीट कान देऊन ऐकली. अठरा वर्षं हा नुसता उभा राहतो की काय, असंही मनात आलं.

चौथ्या गाण्यात एकदम काहीतरी झालं. गाणारा गात होता, ढोल वाजत होता, तरी बठ्ठं गाणं पोकळ झालं. घडाखालचा टेकू काढल्यावर केळ एका अंगाला जाते ना, तसं. मान वर करून बघितलं तर तू खाली वाकून निघालेली वायर शोधत होतास. ती परत खुपसलीस आणि गाणं उभं राहिलं. जनरेटरवाल्याला काही कळलं नाही, तो विडी ओढत होता. मला कळलं. तिथेच डोळ्यांना पाणी आलं, ते लिहायची मला लाज वाटत नाही.

मळा गावातल्या हिलालला निम्म्या वाट्यानं लावून दिला आहे. परवाच बोलणं झालं, तो आणि त्याची बायको दोघंही मेहनती आहेत. तेव्हा केळीसाठी म्हणून येऊ नको. सणाला ये, आईला भेटायला ये, चार दिवस जास्त राहा. डीजेविरुद्धचा अर्ज मी मागे घेणार नाही, ती गोष्ट वेगळी. शिलाँगला तिकडे थंडी फार असते म्हणतात, तर गोधडी नेशील.

तू घरी यावंस असं मला अजूनही रोज वाटतं, ते काही गेलं नाही. पण तू थांबलास की काय होतं, ते मी त्या दिवशी अर्धं मिनिट ऐकलं. ते मला पुन्हा ऐकायचं नाही.

तुझा बाप,
शालिग्राम