तातूचं रक्त

पिलार, १४ जून

प्रिय लिसांद्रो,

तातू वाचला, हे आधी सांगून टाकते. रविवारी फोनवर तू पपांच्या आधी कुत्र्याचीच चौकशी करतोस, म्हणून.

मार्चमध्ये त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. कानात दोन गोचिडी सापडल्या आणि मी निदान करून मोकळी झाले. या गावात कुत्रं फिकट पडलं की गोचिडीचा ताप, हे दवाखान्यात येणारी म्हातारीसुद्धा दारातूनच सांगते. पंधरा वर्षं जनावरांची डॉक्टर असून मीही तेच केलं, महिनाभर गोळ्या चारल्या. तातू भिंतीला टेकून चालायला लागला, तेव्हा लाज वाटून नीट तपासायला बसले. जंत नव्हते. रक्त कुठून जातही नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या तांबड्या पेशी भरपूर दिसल्या, म्हणजे रक्त तयार होत होतं, पण अंगातल्या अंगात फुटत होतं. आणि पेशींच्या कडेला बारीक गाठी. कुत्र्याच्या रक्ताचं असं कांदा करतो.

पपांना विचारलं, तर उसळलेच. "मी कशाला देऊ कांदा? कुत्रा आहे तो, जावई नाही!" टोमणा माझ्या न झालेल्या लग्नाला होता, ते कळलं.

आपल्या घरात कांदा म्हणजे सोपा. नावाचा अर्थ रस्सा आणि कापायला सुरी लागते, ती आपली मक्याच्या पिठाची भाजलेली सोपा. आई घालायची तसे चार कांदे मीही घालते. जानेवारीपासून पपा रोज तीच मागत होते. रस्सा नको, मांस नको, सोपा कर. मी हुरळून गेले, वाटलं आईच्या हाताची चव जमली. मग त्यांचं जाकीट धुवायला घेतलं, तर दोन्ही खिशांतून पिवळा भुगा आणि कांद्याच्या चिकट पाकळ्या निघाल्या. रस्सा खिशात घालता येत नाही, लिसांद्रो.

मी जाकीट घेऊन अंगणात गेले. पपा नळीने गार तेरेरेचा काढा पीत बसले होते, तेवढंच गिळताना दिसायचे. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, कुत्र्यांच्या हिरड्या पाहते तशी. आतून तीही कागदासारखी पांढरी. "कळलं ना? आता तोंड बंद," म्हणाले. काकुपेच्या माउलीच्या मूर्तीवर हात ठेवायला लावून त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं, की डॉक्टर काय म्हणतील त्यातलं अवाक्षरही तुला सांगणार नाही. मे महिन्यात आम्ही असुन्सियोनला दातांसाठी गेलो असं तुला सांगितलं. दात ठणठणीत आहेत.

तेव्हापासून मी कोंडली गेले आहे. रविवारी तिकडे तू हसतोस, इकडे पपा हसतात, आणि मध्ये मी फोन धरून बसते. दिवसभर लोकांना दटावते, लपवू नका, जनावराने काय खाल्लं ते खरं सांगा. घरी येऊन रोज सोपा भाजते, आता कांद्याशिवाय. ते खिशात घालतात आणि मी चुलीकडे बघते. मला हे सहन होत नाही.

शपथ मी मोडलेली नाही. पुन्हा वाचून बघ, डॉक्टरांचं एक अक्षर यात नाही. तातूचं रक्त तीन आठवड्यांत भरलं, कारण दुखण्याचं मूळ सापडलं आणि बंद करता आलं. प्रत्येक दुखण्याचं तसं होत नाही. नाताळला येतो म्हणाला आहेस. नाताळची वाट बघू नकोस. पपांनी विचारलं तर म्हण, कुत्र्याला बघायला आलो.

तुझी बहीण,
निमिया