उजवा कौल

बाबा, मुलुंडच्या शाळेच्या हॉलमध्ये तुमचं नाटक झालं तेव्हा मी दहावीत होते. गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं आणि गावच्या मंडळासाठी तुम्ही स्वतः नाटक लिहिलं होतंत. गावचा मानकरी ग्रामदेवतेचा कौल घेतो आणि मेलेल्या भावाच्या बायकोला घरातून काढतो, एवढीच गोष्ट. आपल्याकडेही काका गेल्यावर गावचं घर काकीचं की तुमचं, ते कौलानेच ठरलं होतं. आई म्हणाली, "हे कशाला उकरून काढताय?" तुम्ही म्हणालात, "लोक हसतील गं."

मानकरी तुम्हीच झाला होतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार. तुम्ही गुरवाला बाजूला सारून पाकळ्या स्वतः लावता, उजवा अंगठा हळूच धोतराला पुसता, म्हणजे त्या पाकळीला पाणी कमी. ती पडते. मग हात जोडून म्हणता, "वहिनी, मी कुठे काय मागतोय? देवच देतोय." हॉल हसून हसून लोळतो. पहिल्या रांगेत काकी बसली आहे. कांजूरमार्गला तिच्या भावाकडे जाऊन तुम्हीच तिला आग्रहाने आणलंत. ती हसत नाही. ती तुमच्या अंगठ्याकडे बघते आहे.

नाटकानंतर ती आत आली. तुम्ही खोबरेल लावून रंग पुसत होतात. "भावजी, ह्या खय शिकलात?" तिने अगदी शांतपणे विचारलं. "वयनी, नाटक आसा ता," तुम्ही आरशातूनच म्हणालात. ती चहा न घेता गेली आणि पुन्हा कधी आपल्याकडे आली नाही. घरी मीही विचारलं, पाकळीची युक्ती तुम्हाला कोणी सांगितली. "अभ्यास कर," तुम्ही ओरडलात. त्याआधी माझ्यावर तुमचा आवाज कधी चढला नव्हता.

तुम्ही तिला का बोलावलंत, हे मला अजून उमगत नाही. कधी वाटतं, चारचौघांत कबूल करायची तुम्हाला तीच एक वाट सापडली. पण मग घर परत दिलं असतंत. उलट पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही पडवीला लाद्या बसवल्यात. म्हणून वाटतं, हशाच्या आड आपण सुरक्षित आहोत, हे तुम्हाला तिला दाखवायचं होतं. दोन्हींपैकी एकावर मन ठरत नाही, आणि तुमचा फोटो पुसताना मी तुमच्या डोळ्यांत बघायचं टाळते.

काकी गेली. आपला गुरव अजून आहे, खूप थकलाय. गेल्या मे महिन्यात पडवीत येऊन बसला आणि आपणहून म्हणाला, "तुज्या बापाशीन त्या दिवशी माका भायर बसवल्यान, आणि..."

मी चहाचं निमित्त करून आत गेले. बाहेर आले ती आंब्यांबद्दल बोलत. त्याने पुढचं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबा, घर आता माझ्या नावावर आहे.